किर्तीची जन्मवेळ

सुनंदाबाईंचा स्टुडिओ म्हणजे बेलवलीच्या फ्लॅटमधलं साड्यांचं कपाट. दार उघडायचं, घड्यांसमोर माइक धरायचा आणि डोळे मिटायचे. मग भर दुपारी, डांबरगोळ्यांच्या वासात, त्यांना आभाळ दिसू लागे. शनी आपला सावकाश चाललाय, चंद्र या घरातून त्या घरात पाहुणा जातोय. बाई अगदी हळू बोलत, आणि बदलापूर-अंबरनाथच्या निम्म्या बायका दर गुरुवारी त्यांचा राशिभविष्याचा पॉडकास्ट लावून भाजी निवडत. निम्म्या हे आपलं शरदचंद्रांचं म्हणणं. नवऱ्याला कौतुक जरा जास्तच. रेकॉर्डिंग तेच सांभाळत आणि त्यांचा दंडक एकच: समाजकारण नको. लोक इथे दोन घटका विसावायला येतात, बाकीच्या कटकटींना टीव्ही आहे की!

बाईंनाही ते पटलेलं होतं. सोनिवलीच्या धर्मराजने मुलीच्या लग्नाचा मुहूर्त मागेपर्यंत.

मुलगी किर्ती, एकोणीस पूर्ण, जवळचा दिवस काढा, असं त्याने लिहिलं होतं. जन्मतारीख आणि वेळ त्याच्या बायकोने, विठाने, मागाहून धाडली. बाईंनी पत्रिका मांडली आणि बोटांवर वर्षं पुन्हा मोजली. पोरगी पंधरा वर्षं चार महिन्यांची. कागदावर माणसं वय हवं तसं ताणतात; ज्योतिष्याला मात्र मिनिटासकट खरं सांगतात.

नुसतं नाही म्हणावं, तर धर्मराज दुसऱ्या गुरुजींकडे जाणार. ग्रह आडवे आलेत म्हणावं, तर ते धादांत खोटं; शुक्र असा झकास बसला होता की बघत राहावं. बाई बघतच राहिल्या. पत्रिकेच्या बारा घरांतून त्यांना एक पोर हिंडताना दिसू लागली, पाठीला दप्तर, एकेक दार ढकलून बघणारी. एकही उघडेना.

गुरुवारी राशी सांगून झाल्या आणि बाईंनी डोळे उघडले. नाव न घेता म्हणाल्या, "एक पत्रिका आलीय. ग्रह छान आहेत, पण मुलगी पंधराची आहे. अठरा होईपर्यंत तिचा मुहूर्त मी काढणार नाही. दुसऱ्या कुणी काढला, तर तक्रार करायला मी स्वतः जाईन."

शरदचंद्र तेवढं कापायला निघाले. ऐकणारे पळतील म्हणाले. बाई कधी नव्हे त्या तडकल्या: पळू देत, त्या पोरीला कुठे पळता येतंय? मग मात्र शरदचंद्रांनी कशाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विठाचा फोन आला. धर्मराजने सगळं ऐकलं होतं, रात्री जेवलाही नव्हता, आणि आता मुलाकडच्या पाहुण्यांना नकार कळवायला गेला होता. बाईंना हायसं वाटलं. बरं झालं, चुकून का होईना, तारीख खरी आली, असं त्या म्हणाल्या.

"चुकून नाय, ताई," विठा म्हणाली. "घरात माझं कोन आयकत नाय. तुमी तरी वय मोजाल, म्हनून धाडली."

फोन ठेवून बाई कपाटासमोर बसल्या. एकोणीस लिहिलं नसतं, तर आपण तरी मोजलं असतं का? त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी जुन्या मुहूर्तांची वही काढली आणि पहिल्या पानापासून मुलींची वयं मोजायला घेतली.