जमिनीला लावलेला कान

मी गळती शोधणारी सळई. आजवर माझं काम फक्त ऐकायचं होतं. आज पहिल्यांदाच तोंड उघडतेय.

पाणीखात्याच्या कार्यशाळेत एका लोहाराने मला ठोकून सरळ केलं आणि वरच्या टोकाला लाकडी वाटी बसवली. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा. खालची पाइप फुटली असेल तर बारीक सूं सूं ऐकू येते. या कामामुळे स्वभावच संशयी झाला. रस्ता कोरडा, चकाचक दिसला की मला जास्तच शंका येते.

माझ्या मालकाला सगळे गळतीवाला म्हणतात. तरुणपणी तो घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचा म्हणे. पुढे एकच गंजकी पाइप बदलण्याचं आश्वासन त्याने चार निवडणुकांत चार तोंडांतून ऐकलं आणि मत देणंच सोडलं. दारावर झेंडा नाही, सभेला जाणं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा संशय यायचा. याला देशाचं काही पडलंय की नाही? वीस वर्षं त्याच्या कानाला लागून काढली, पण मनातलं काही कळलं नाही.

त्याचा मेहुणा पक्षाचा कार्यकर्ता. एकदा जेवताना त्याने विचारलंच, "दाजी, देशावर प्रेम आहे ना तुमचं?"

"असेल. जेव, गार होतंय."

बायकोने दोघांनाही डोळ्यांनी दटावलं.

मग मतदानाचा दिवस उजाडला. फेरी मारताना शाळेच्या कोपऱ्यावर गळतीवाल्याने मला टेकवलं आणि मी शहारले. गटाराला अगदी खेटून पाइप फुटली होती. पाण्याचा दाब उतरला की गटारातली घाण आत शिरणार, आणि शाळेच्या टाकीत जाणार. आत मतदान चाललेलं, उन्हात रांग लागलेली, नळावर झुंबड.

तो गुडघे टेकून ऐकत होता, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "हा मत देत नाही, आणि मतदान केंद्राबाहेर काय चोरून ऐकतोय?"

घोळका जमला. हवालदाराने मला उलटंसुलटं केलं, वाटीत बोट घालून पाहिलं. "यात यंत्र कुठं लपवलंय?"

"साहेब, मला हवं तेवढं बसवून ठेवा, पण आधी तो नळ बंद करा."

"म्हणजे लोक तहानेने घरी जातील, मतदान बंद पडेल. असंच ना?" एक कार्यकर्ता हसला.

गळतीवाल्याने घोळक्यात उभ्या मेहुण्याकडे पाहिलं. "तुझी बहीण रांगेत आहे रे."

मेहुणा घुटमळला. आजूबाजूला पाहत त्याने मला हवालदाराच्या हातून घेतलं, रस्त्यावर टेकवलं आणि वाटीला कान लावला. त्याचा चेहराच उतरला. धावत जाऊन तो नळापुढे हात पसरून उभा राहिला. "कुणी पिऊ नका!" त्याच्याच पक्षाची माणसं कुजबुजू लागली, "हाही फुटला वाटतं."

दुपारी खोदलं तेव्हा काळं पाणी वर आलं. पण मेहुणा नळापुढे उभा राहण्याआधीच बरेच जण प्यायले होते. गळतीवाल्याची बायकोही.

ती चार दिवस दवाखान्यात होती. शुद्धीवर आल्यावर बोटावरची शाई नवऱ्यापुढे धरून म्हणाली, "तुम्ही ऐकता, पण सांगता फक्त त्या खात्याच्या गळती-नोंदीच्या वहीला. मी निदान इथं तरी सांगते."

तो तिचं बोट हातात धरून बसला. हे मला मेहुण्याने हवालदाराला सांगितलं तेव्हा कळलं.

कारण त्या दिवशी हवालदाराने मला जप्त केलं आणि मी अजून पोलीस चौकीच्या कपाटात आहे, गळ्यात 'संशयास्पद वस्तू' अशी चिठ्ठी बांधून. गळतीवाला आणि मेहुणा मला सोडवायला दर आठवड्याला अर्ज घेऊन येतात. मी नसल्यामुळे गळतीवाला हल्ली रस्त्यावर आडवा होतो आणि थेट जमिनीलाच कान लावतो म्हणे.

तुम्हाला असा कुणी दिसला तर शंका जरूर घ्या. मी कोण नको म्हणणारी? फक्त आधी त्याला विचारा, "काय ऐकू येतंय?" पोलिसांना मग बोलवा.