चोरुमला जायची तयारी

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्या उन्हाळ्यात दोनच गोष्टींवर पैजा लागायच्या. पाऊस कधी पडणार आणि उदगीरचा जिल्हा कधी होणार. दोन्हींची तारीख छातीठोकपणे सांगणारे गल्लोगल्ली होते, आणि दोन्हींत सगळेच तोंडावर आपटले होते. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, इकडे नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायला लागली, तरी जिल्हा व्हावा म्हणून नेमलेल्या समितीची बैठक काही चुकत नव्हती. त्या बैठकीत अमृतराव पुढच्या रांगेत बसायचे. मोडकळीला आलेली दालमिल आणि पांढराशुभ्र सदरा, दोन्ही ते सारख्याच इमानानं सांभाळत.

त्यांच्या घरात मात्र तिसराच विषय होता. चोरुम.

चोरुम हे तुर्कस्तानातलं एक जुनं शहर. त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धेश्वर हैदराबादच्या एका कंपनीत दालमिलच्या मशिनी बसवायचं काम करी, आणि कंपनीनं त्याला तिकडे धाडलं होतं. तिथून तो आईला, महानंदाबाईंना, फोन करायचा. "आई, हितं आख्खी गल्ली फुटाण्याची हाय बघ. भट्टीचा वास आला की मला आपला मोंढाच आठवतोय. आन् आपल्या उदगीरसारखा किल्ला हाय, पर ह्यांच्या किल्ल्यात अजून लोक राहतेत, दोरीवर कपडे वाळू घालतेत." चौकात घड्याळाचा उंच मनोरा आहे, गावाबाहेर हजारो वर्षांपूर्वीच्या राजांच्या वेशीवर दगडी सिंह आहेत, असं कायकाय तो सांगे. "एकदा तुला आणतोच," म्हणायचा. मग एका हिवाळ्यात बर्फ पडत असताना खोलीतल्या कोळशाच्या शेगडीचा धूर कोंडला, आणि सिद्धेश्वर झोपेतून उठलाच नाही.

रस्ते बंद होते. मृतदेह कधी पोचेल याचा नेम नव्हता. त्याला तिथंच माती दिली.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही करत नाहीत. त्याला समाधीत बसवतात, मांडी घालून, आणि जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग त्याच्या तळहातावर देतात. फोन ठेवून अमृतराव घरात आले तेव्हा महानंदाबाईंनी तेवढंच विचारलं होतं. अमृतराव म्हणाले होते, "आपल्या रीतीनंच केलं. बसवलं. लिंग हातात दिलं."

त्या क्षणी महानंदाबाईंना कळलं की नवरा खोटं बोलतोय. सिद्धेश्वरचं इष्टलिंग चोरुमला गेलंच नव्हतं. ते देवघरात, तांब्याच्या डबीत होतं.

त्यांनीच ते काढून घेतलं होतं. विमानतळावर बूट काढायला लावतात आणि त्याच हातांनी अंगावरचं सगळं उघडून बघतात, असं शेजारच्या उमाबाईंनी सांगितलं होतं. लिंगाला परक्याचा हात लागणार, हे महानंदाबाईंना सहन होईना. निघायच्या सकाळी त्यांनी पोराच्या गळ्यातली चांदीची डबी उतरवून घेतली आणि म्हणाल्या, "तुज्या वाटची पूजा मी करते. तू येईस्तोवर." तो हसला होता. आईपुढे कुणाचं चालतं! मान खाली घालून त्यानं डबी काढू दिली होती.

म्हणून त्या नवऱ्याला खोटारडा म्हणू शकल्या नाहीत. तोंड उघडलं असतं तर आधी त्यांचंच पाप बाहेर पडलं असतं. नवऱ्याच्या बोलण्यातलं अर्धं खोटं होतं हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. उरलेलं अर्धं त्यांनी घट्ट धरून ठेवलं. पोराला बसवलं तरी असेल. तेवढ्यावरच बाई उभ्या होत्या.

मठाच्या मडिवाळप्पा स्वामींना त्यांनी आडून आडून विचारलं होतं, समजा एखाद्याचं इष्टलिंग मागं राहिलं तर काय करायचं? स्वामी म्हणाले, ज्याचं त्याच्यापाशी पोचवावं, नाहीतर वाहत्या पाण्यात सोडावं. वाहतं पाणी! त्या वर्षी उदगीरच्या आसपास वाहत होता तो फक्त घाम. मग पोचवणंच राहिलं. चोरुमला जायचं, समाधीच्या माथ्याशी वीतभर माती उकरायची आणि डबी आत ठेवायची, एवढाच त्यांचा बेत होता.

त्यांनी विषय काढला की अमृतराव म्हणत, "जिल्हा होऊ दे. एकदा जिल्हा झाला की समदे कागद हितंच होतेत. उगा हेलपाटे कशाला?" जिल्हा काही होईना. मग म्हणत, "पाऊस पडू दे. टँकरचं बघायला कोण हाय घरी?" माणसाला टाळायचंच असलं की आभाळ आणि सरकार दोन्ही कामाला येतात. महानंदाबाई मात्र हटल्या नाहीत. त्यांनी भाकरी किती दिवस टिकते ते करून पाहिलं, शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली, लोकरीचा स्वेटर उन्हात घातला. मेच्या उन्हात उदगीरात स्वेटर वाळत घालणारी बाई बघून गल्ली हसली. हसू दे, म्हणाल्या. शेवटी एका सकाळी त्या पिशवी घेऊन एस.टी. स्टँडवर जाऊन बसल्या, तेव्हा अमृतरावांना निमूट मागं यावं लागलं.

नांदेडला मोईनभाईंचं ऑफिस होतं. हजला आणि उमराहला जाणाऱ्यांची सोय ते करत, आणि तुर्कस्तानच्या सहलीही नेत. माणूस सभ्य होता. त्यांनी आधी पाण्याचे ग्लास पुढे केले, आणि त्या दिवसांत नांदेडात कुणी भरलेला ग्लास पुढे केला तर तो पाहुणचारच समजायचा.

"आपा, थंडीची फिकीर करू नका. उन्हाळ्यात तिथं झकास हवा ऱ्हाती," मोईनभाई म्हणाले. "इस्तंबूलला उतरायचं. तिथून बस. सकाळी बसलं की सांजच्याला चोरुम. आन् तुमच्या खाण्याचं मी सांगून ठेवतो, मसूर तर तिथं घरोघरी हाय."

महानंदाबाईंनी मनात सगळं ठरवलेलं होतं. त्या एकेक सांगत गेल्या. पहिल्यांदा पोरापाशी. मग तो काम करायचा ती मिल. मग त्याची खोली, बाहेरून बघितली तरी चालेल. मग ती फुटाण्याची गल्ली, आणि दोरीवर कपडे असलेला किल्ला. बोलता बोलता त्यांच्या तोंडावर जरा उजेड आला होता. मोईनभाई सगळ्याला "हाव, हाव" म्हणत मान डोलवत होते. अमृतराव छताच्या पंख्याकडे बघत होते.

"कबर सापडंल का न्हाई ह्याची तुमाला काळजी असंल," मोईनभाई म्हणाले, "तर तुमचा फोन आला तवाच ते काम मी करून ठेवलंय. मिलमधला कादिर नावाचा माणूस हाय, त्यानं फोटो धाडला. बघा."

त्यांनी मोबाईल पुढे केला. टेकडीच्या उतारावर हिरवं गवत होतं. मागे सरूची झाडं. मधोमध मातीचा एक उंचवटा, भोवती दगडी कड, डोक्याशी पाटी. बाजूला एक मिशाळ माणूस चंबूनं त्यावर पाणी ओतत होता.

महानंदाबाई फोटोकडे बघत राहिल्या. बसवलेल्या माणसाची समाधी आखूड असते, चौकोनी. सासऱ्यांची तशी होती, दिरांची तशी होती. ही लांब होती. माणूसभर लांब.

"भाऊ," त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "ह्याला कसं ठेवलंय आत?"

मोईनभाईंना त्या प्रश्नात काय आहे ते कुठून कळणार? "उजव्या कुशीवर, आपा. किब्ल्याकडं, म्हंजे मक्केच्या दिशेला तोंड करून. निजवतेत तसंच. लई इज्जतीनं केलं म्हणे लोकांनी, सारी मिल आलती."

"आन् वरून थोडी माती उकरली तर? काय ठेवायचं असलं तर?"

"ते न्हाई व्हायचं. कबर उकरणं म्हंजे तिथं गुन्हा हाय, आन् आमच्यात गुनाह, पापसुद्धा. फुलं ठेवा. पाणी घाला. तिथं कबरीला पाणी घालायचा रिवाजच हाय. तो कादिर बघा, कोण न्हाई कुणाचा, पर जाऊन घालतोय."

महानंदाबाई उठल्या. मोईनभाईंना नमस्कार केला, उद्या कळवते म्हणाल्या, आणि बाहेर पडल्या. उन्हानं रस्ता भाजत होता. अमृतराव मागून येत होते. त्या थेट स्टँडवर आल्या.

बाकड्यावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "बसवलं म्हणला व्हता तुमी."

अमृतरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. घाम नसलेल्या जागीही पुसत राहिले. "फोनवर तो हैदराबादचा साहेब व्हता," ते म्हणाले. "म्हणला, आपके में कैसा करते, बोलो, वैसा करवाता हूँ. आपल्या मिलच्या आवारात सारा मोंढा गोळा झालता. समितीची माणसं व्हती. समदे माज्या तोंडाकडं बघून राहिलते. 'बसवून ठेवा' म्हणायचं व्हतं. जिभेवर आलं व्हतं."

"मग?"

"लाज वाटली."

ते तेवढंच बोलले, पण महानंदाबाईंना पुढचं माहीत होतं. लहानपणी अमृतराव नांदेडला बोर्डिंगात शिकले. त्यांचे वडील वारले तेव्हा पोरांनी विचारलं होतं, तुमच्यात मढं बसवतात म्हणे, मग ते उठून बोलत नाही का? वर्षभर त्यांना त्यावरून छळलं होतं. लग्न झाल्यावर हे त्यांनी बायकोला हसत हसत सांगितलं होतं. माणूस हसत सांगतो ते संपलेलं असतं असं थोडंच आहे!

"मी म्हणलो, जैसा उधर के लोग करते, वैसाच करो," अमृतराव म्हणाले. "इतकंच बोललो बघ. एवढ्या जिल्ह्याच्या सभा गाजवल्या मी, आन् पोरासाठी एक शब्द तोंडातून निघला न्हाई."

महानंदाबाईंना त्यांचा राग आला. हा माणूस सबंध वर्षभर समोर बसून जेवला, आणि आपण त्याला वाढलं.

"आन् लिंग?" त्या म्हणाल्या. "ते हातात दिलं म्हणून सांगितलं."

"ते त्याच्या गळ्यातच असंल की. त्याच्यासंगंच गेलं असंल. हातात काय न् गळ्यात काय, म्हणून मी तसं…"

महानंदाबाईंनी पिशवीत हात घातला. विमानात न्यायला चालेल का, हे मोईनभाईंना विचारायला म्हणून त्यांनी तांब्याची डबी बरोबर आणली होती. त्यांनी ती उघडली. आत पांढऱ्या फडक्यावर सिद्धेश्वरची चांदीची डबी होती, रोजच्या विभूतीनं माखलेली.

अमृतरावांनी ती ओळखली. लिंगदीक्षेच्या वेळी त्यांनीच घडवून आणली होती. "हे… हे हितं?"

"मीच काढून घेतलं. विमानतळावर परक्याचा हात लागंल म्हणून." त्यांनी डबी नवऱ्यापुढं धरली. "तुमी आडवं केलं. मी मोकळं पाठवलं. आपल्या दोघांच्या पोटी येऊन काय मिळालं वो त्याला?"

आता मात्र दोघंही रडले. स्टँडवर कोण बघतंय याची अमृतरावांना जन्मात पहिल्यांदाच फिकीर वाटली नसेल. समोर कंधारची गाडी लागली, भरली आणि गेली.

मग महानंदाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "मोईनभाईला सांगा, तिकीट एकच काढा म्हणून. तुमचं."

"आन् तू?"

"मी हे द्यायला चालले व्हते. आता कुठं देऊ?" त्या म्हणाल्या. "तुमी जा. मला सांगितलं ना बसवलं म्हणून, आता तुमी जाऊन बसा त्याच्यापाशी. मांडी घालून बसा. पाणी घाला. आन् त्या कादिरला सांगा आमच्यात कसं करतेत ते. मोठ्यानं सांगा."

अमृतरावांनी मान हलवली. नाही म्हणायची त्यांची सगळी कारणं संपली होती.

महानंदाबाईंनी सिद्धेश्वरची डबी फडक्यातून काढली आणि तिचा दोरा आपल्या गळ्यात घातला. त्यांचं स्वतःचं इष्टलिंग तिथं होतंच. दोन्ही डब्या एकमेकींवर आपटून बारीक वाजल्या.

"असं चालत न्हाई, महानंदा," अमृतराव घाबरून म्हणाले. "एका गळ्यात दोन…"

"चालत न्हाई ते लई झालं आपल्या हातनं." त्यांनी पदर नीट केला. "मला बसवाल तवा दोन्ही हातात द्या. डाव्यात माझं, उजव्यात त्याचं. कुणी इचारलं तर सांगा, पोराचं हाय, त्याला द्यायचं राहिलं व्हतं. तवा लाजू नका म्हंजे झालं."

उदगीरची गाडी फलाटाला लागली. अमृतराव उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "आन् मी आधी गेलो तर?"

"तर तुमाला मी बसवीन," महानंदाबाई म्हणाल्या. "समद्या मोंढ्यासमोर."

त्यांनी पिशवी उचलली आणि गाडीत जाऊन खिडकीपाशी जागा धरली, दोघांची.