लाल कमी पडतोय

केम्निट्झमधल्या आपल्या तळघरात वीलांटने तिसरा लाल लेझर बसवला. घरगुती प्रोजेक्टरचे लाल, हिरवा आणि निळा किरण नीट जुळले, तर भिंतीवर पांढरा ठिपका उमटायला हवा; त्याला तो अजूनही हिरवटच दिसत होता.

"पुन्हा शेंडी लावली या लेझरवाल्या चोरांनी! आता दुप्पट ताकदीचाच मागवतो."

एवढ्यात त्याचा जुना मित्र हाइको जिना उतरून आला.

"हा कसला शेवाळी स्वेटर घातलास? म्हातारा दिसतोस!" वीलांट हसला.

हाइकोची नजर खुंटीवरच्या संरक्षक चष्म्यावर गेली. "डोळे काय फुकटचे आहेत का रे तुझे?"

"चष्मा लावून रंग कसे जुळवायचे? तू तरी लावतोस का?"

हाइको ओशाळला. रंग जुळवताना दोघंही वीस वर्षं चष्मा काढूनच बसत आले होते. मग त्याने भिंतीकडे पाहिलं.

"ठिपका तर गुलाबी आहे. लाल कमी नाही, जास्त झालाय."

"चल, थापा मारू नकोस."

हाइकोने लेझर बंद केले आणि मोठा दिवा लावला. "आता सांग, स्वेटर कुठल्या रंगाचा?"

"शेवाळी. एकदा सांगितलं ना!"

हाइकोने स्वेटरची बाही त्याच्या डोळ्यांपुढे धरली.

"लाल आहे रे, वीलांट."