वीसपैकी सतरा

दर वर्षाच्या शेवटच्या रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं जायचं आणि त्यावर आत्याला पत्र लिहिलं जायचं. बाबांची ही थोरली बहीण लांबच्या शहरात राहायची. फोनवर तिला ऐकू कमी यायचं, म्हणून ती पत्र पाठवायची, चांगलं चार पानी. त्यात तिची मुलं, सुना, झालंच तर मांजरसुद्धा यशस्वी असे. मग इकडून जाणाऱ्या उत्तरालाही थोडी कल्हई करावी लागे. गेल्या वर्षी धाकटी गाडी चालवण्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, तर पत्रात 'धाकटी वाहतुकीच्या नियमांचा सखोल अभ्यास करीत आहे' असं गेलं होतं.

"यंदा खरं लिहायचं," थोरली म्हणाली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली होती, आणि तेव्हापासून घरात कुणी 'साधारण' म्हटलं की ती 'म्हणजे किती?' असं विचारायची.

"लिही बाई," आई म्हणाली. "आपलं खरं अर्ध्या पानात संपेल. लवकर पडायला मिळेल."

थोरली लिहू लागली. कपडे धुण्याचं यंत्र मार्चमध्ये थरथरत थरथरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत आलं. तेव्हापासून ते चालू असताना धाकटी त्यावर बसते. सगळे मिळून तळं बघायला गेलो. धुक्यात तळं दिसलं नाही, तळ्याचा फलक दिसला. फलकासोबत फोटो काढला. धाकटी तिसऱ्यांदाही नापास झाली. परीक्षक अर्ध्या रस्त्यात उतरून चालत परत गेले.

"त्यांना व्यायामाची गरज होती," धाकटी म्हणाली. "तसं लिही."

"आणि माझं लिही, प्रकृती उत्तम," बाबा म्हणाले.

यावर कुणीच हसलं नाही.

बाबा साबणाच्या कारखान्यात वास तपासायचे. सत्तावीस वर्षं. प्रत्येक बॅचची पहिली वडी त्यांच्या टेबलावर यायची. ते ती तारेने मधोमध कापत, नाकाशी धरत आणि 'जाऊ दे' किंवा 'थांबवा' म्हणत. मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना नाकसाहेब म्हणायचे. फेब्रुवारीत त्यांना जबर सर्दी झाली. सर्दी गेली आणि जाताना वासही घेऊन गेली. घरच्यांना हे कळलं ते दुधामुळे. पातेलं जळून कोळसा झालं होतं, घरभर जळका वास, आणि बाबा दोन हातांच्या अंतरावर पाठ करून बसून शब्दकोडं सोडवत होते. आई धावत आली तर म्हणतात, "अगं, काय झालं एवढं पळायला?"

डॉक्टर म्हणाले, नसेला इजा झाली आहे. येईल वास परत, किंवा नाही येणार. थोरलीला हे उत्तर मुळीच पटलं नाही. बाबांनी मात्र ते घडी घालून खिशात ठेवल्यासारखं ठेवलं आणि कारखान्यात अवाक्षर काढलं नाही. तिथे त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यात दोन वर्षांपासून वास मोजणारं एक यंत्र आच्छादन घालून उभं होतं. बाबांच्या आधीच्या तपासनीसाचं नाक गेलं तेव्हा त्याला फाटकावर बसवलं होतं. मग फाटकही आपोआप उघडायला लागलं.

म्हणून बाबा प्रत्येक वडी कापत, नाकाशी धरत आणि 'जाऊ दे' म्हणत. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बॅच चांगल्याच असतात. ऑक्टोबरात उरलेल्या दोनांपैकी एक आली. खवट तेलाचा साबण दुकानांत पोचला आणि खोक्यांसकट परत आला. माल उन्हात ठेवला असा ठपका गोदामवाल्यावर आला, त्याला नोटीस मिळाली. हा गोदामवाला एकोणीस वर्षं बाबांच्या समोर बसून डबा खात होता.

या सगळ्यात एकच आशा होती, आणि ती थोरलीच्या वहीत होती. नाकाला सराव दिला तर वास परततो असं तिने वाचलं होतं. खोकल्याच्या औषधाच्या चार रिकाम्या बाटल्या धुऊन तिने त्यांत गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरीच्या अर्कात भिजवलेले कापसाचे बोळे घातले. रोज दोनदा हुंगायचं, रविवारी परीक्षा. डोळ्यांवर पट्टी, हातात बाटली, वीस वेळा. नुसतं ठोकून दिलं तरी पाच बरोबर येतात. मार्चमध्ये पाचच आले. जूनमध्ये नऊ.

"बाबांच्या नाकी नऊ आले!" धाकटी ओरडली होती, आणि त्या दिवशी बाबासुद्धा पोट धरून हसले होते.

सप्टेंबरात तेरा. गेल्या रविवारी सतरा. थोरलीने आलेख काढून भिंतीवर लावला होता. उद्या सोमवारी कारखान्यात तपासनीसांची वार्षिक चाचणी होती, वास लावलेल्या कागदाच्या दहा पट्ट्यांची. त्यात निभावलं की वर्षभर कुणी विचारणार नव्हतं.

"प्रकृतीचं मी आकड्यात लिहिते," थोरली म्हणाली. "वीसपैकी सतरा."

"ते नको लिहूस."

"का? यंदाच्या पत्रात तेवढंच तर चांगलं आहे. आणि खरंही."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गुलाबाच्या बाटलीचा काठ फुटलेला आहे," ते म्हणाले. "लिंबाच्या बाटलीला लेबलाचा डिंक राहिलाय, बोटाला चिकटतो. लवंगेचं झाकण घट्ट बसतं. उरली ती निलगिरी."

थोरलीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. प्रयोगशाळेत ती दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवायची, आणि घरी तिने दहा महिने माणसाचे डोळे बांधून बोटं मोकळी सोडली होती.

"आणि जे तीन चुकले?"

"ते मुद्दाम. वीसच्या वीस म्हटलं असतं तर तुला शंका आली असती."

"पण का, बाबा?"

"आधी बोटांनाच कळायला लागलं. मग नऊ आले तेव्हा तू कशी नाचलीस. म्हटलं, हिचं तरी वर्ष चांगलं जाऊ दे."

"धन्य आहे," आई म्हणाली. "मुलीला फसवायला सत्तावीस वर्षांचा अनुभव कामी आला." पण ती उठली आणि बाबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

थोरलीने चारही बाटल्या आणल्या. "आत्ता परत. बाटली मी धरते. हात मांडीवर."

"कशाला पोरी?"

"मला आकडा हवाय."

धाकटीने आकडे लिहिले. एकदाही विनोद केला नाही. बाबा दर वेळी खोल श्वास घेत, थांबत, आणि अगदी मनापासून चुकत. विसाव्या बाटलीनंतर धाकटीने कागद फिरवून दाखवला. चार.

"म्हणजे अंदाजापेक्षाही एक कमी," बाबा पट्टी सोडत म्हणाले. "लिही. नाक गेलं. परत आलेलं नाही."

थोरलीने लिहिलं. अक्षर तिचं नेहमीसारखंच सरळ आलं, याचाच तिला राग आला.

"उद्या रजा टाका," आई म्हणाली. "निदान चाचणी टळेल."

"टळून कितीशी टळणार? आधी गोदामात जातो. त्याला सांगतो, नोटीस तुझी नव्हे, माझी आहे. मग साहेबांकडे."

"गोदामवाला काय म्हणेल?"

"म्हणेल ते ऐकेन. कान शाबूत आहेत."

बाबांनी पत्राखाली सही केली, आत्याच्या नावापुढे साष्टांग नमस्कार लिहिला आणि पाकीट चिकटवायला धाकटीकडे दिलं. आईने टेबलावरच्या बाटल्या गोळा केल्या. फेकाव्यात की ठेवाव्यात हे तिला ठरवता येईना. चारही हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"डबा करू ना उद्या?" तिने विचारलं.

"कर. सांगेस्तोवर जेवायची वेळ होईलच."

"काय करू डब्यात?"

"काहीही कर गं," बाबा म्हणाले. "मला काय कळणार आहे?"