रिकाम्या खोलीतली काळजी

रविवारी सकाळी आठ वाजता वसईजवळच्या उमेळ्यातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये सत्तर-ऐंशी माणसांनी आपापल्या मलमलच्या पिशव्या उघडल्या. रात्री उशाखाली ठेवताना आतले खडे निळे होते. आता ते गुलाबी झाले होते.

हॉलभर लवेंडरचा वास पसरला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पिशवी कपाळाला लावली.

"कपाळाला लावू नका," व्यासपीठावरून विलास सर म्हणाले. "हा चमत्कार नाही, विज्ञान आहे. ऊर्जा नष्ट होत नाही, शाळेत शिकलो ना? मग रात्री तुमच्या मनावरचं ओझं उतरलं, ते गेलं कुठे? लवेंडर ते सैल करतं, स्फटिक ते पितात. माझ्यावर विश्वास ठेवू नका. डोळ्यांवर ठेवा."

"माझे तर लाल व्हायला आलेत, सर," नायगावच्या टॉवरमध्ये राहणारा जितेश म्हणाला. "रात्री बॉसचा मेसेज आला होता."

"माझे त्याच्या आधी झाले," त्याची बायको ऋतिका म्हणाली. "मी त्याच्या शेजारी झोपते."

लोक हसले. सरही हसले. मग टोपली फिरली. गुलाबी पिशव्या सर घरी नेत, एकांतात 'रिक्त' करत आणि पुढच्या रविवारी त्या निळ्या होऊन सीलबंद पाकिटात परत येत; पाकीट शनिवारी रात्रीच फोडायचं. रिक्तीकरणाचं शुल्क वेगळं होतं. एकांत का लागतो, हे कुणी विचारत नसे, कारण सांगणारे विलास सर होते.

विलास सरांनी वसईत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. शनिवारी दुपारी ते गावोगाव बुवाबाजीचे प्रयोग करून दाखवत. नारळातून फुलं कशी निघतात, दिवा आपोआप कसा पेटतो, हे त्यांनी हजारो पोरांसमोर उलगडलं. बुवा आला असता तर या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी त्याला हाकललं असतं. सरांना कोण हाकलणार?

शेवटच्या रांगेत त्यांची एक जुनी विद्यार्थिनी मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसली होती. टिफनी सरांमुळेच विज्ञानाची शिक्षिका झाली होती. शेजारी तिची आई होती. पाचूबंदरच्या डेल्फिनबाई सुकी मासळी विकतात. नवरा गेल्यापासून त्यांना झोप लागत नव्हती. रक्तदाब जुना.

आठवड्यापूर्वी आईच्या फळीवर टिफनीला रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी न उघडलेली दिसली होती.

"मम्मी, गोळ्या?"

"सोडल्या. सर बोलले, फूल आनि गोळी एका अंगात नांदत नाय."

"कुठले सर?"

"कुठले म्हंजे? तुजेच. लहानपनापासून सर असं बोलले, सर तसं बोलले, तूच सांगत होतीस ना?"

टिफनीने पिशवी उघडली. वाळक्या फुलांत ते खडे होते. शाळेत तराजूच्या काचपेटीत, काटा दमट होऊ नये म्हणून, सर असेच निळे खडे ठेवायला लावत. पण ओळख पटली म्हणजे सिद्ध झालं, असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. कोणताही चमत्कार पाहिला की आधी विचारा, माणूस नसताना हे घडतं का? हे वाक्य सरांचंच. तिने तसंच केलं. निकाल आईला दाखवला.

"सरांची परीक्षा घेतेस, बाय?" डेल्फिनबाई म्हणाल्या. "सर स्वतः बोलले तर गोळी घेईन. तुज्या तोंडून नको."

म्हणून त्या दोघी त्या हॉलमध्ये होत्या.

"सर, एक शंका आहे," टिफनी उभी राहिली.

"विचार. शंका काढणारे विद्यार्थीच मला आवडतात."

तिने डबा वर धरला. "हा घट्ट झाकणाचा डबा. यात ठेवलेली पिशवी रात्रभर आईच्या उशाखाली होती. खडे निळेच आहेत. ही दुसरी पिशवी आमच्या मागच्या खोलीत टांगली होती. बाहेरून कुलूप, आत कोणी नाही. हे गुलाबी झाले. त्या खोलीला कसली काळजी होती, सर?"

"भाडेकरू मिळत नसेल," मागून कुणीतरी म्हणालं.

या वेळी सर हसले नाहीत. टिफनीने सोबत आणलेली छोटी शेगडी टेबलावर पेटवली, त्यावर एक मोडका, टाकाऊ तवा ठेवला आणि गुलाबी खडे त्यावर पसरले. पुढच्या रांगा उठून जवळ आल्या. खडे कडेकडेने जांभळे झाले, मग निळे.

"हे रिक्तीकरण," ती म्हणाली. "हे खडे हवेतलं पाणी शोषतात. त्यांना कोबाल्टचा क्षार लावलेला असतो. कोरडा असला की निळा, ओला झाला की गुलाबी. वसईच्या दमट हवेत ते कुणाच्याही उशाखाली गुलाबी होतील. तापवले की पाणी उडून जातं. घरच्या तव्यावर मात्र करू नका, कोबाल्ट पोटात जायला नको."

"पण मला झोप लागते, त्याचं काय?" जितेशने विचारलं.

"सरांनी तुम्हाला अजून काय सांगितलंय?"

"नऊनंतर मोबाइल बंद. संध्याकाळी चहा नाही. रोज एकाच वेळी दिवा मालवायचा."

"ते खरंच उपयोगाचं आहे. श्रेय पिशवीला गेलं."

सर खाली उतरून तिच्याजवळ आले. आवाज हलका होता, पण पुढच्या रांगांना ऐकू आला. "तीस वर्षं फुकट खरं सांगितलं, टिफनी. पंचवीस माणसं जमायची, त्यातली निम्मी वडापावसाठी. आणि आता ही गर्दी बघ."

"सर, मला भांडायचं नाही. माझ्या आईला एवढंच सांगा की गोळी सुरू कर."

डेल्फिनबाई सरांकडे पाहत होत्या. सरांनी एकदा गर्दीकडे पाहिलं.

"मी कुणालाही गोळी बंद करायला सांगितलेलं नाही," ते मोठ्याने म्हणाले. "असं मी कधीच म्हणालो नाही."

डेल्फिनबाई उठल्या. "सर बोलले तेव्हा याच खुर्चीवर बसले होते मी," त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

लवेंडरचा वास चांगला आहे. उशाशी ठेवून कुणाला शांत वाटत असेल तर जरूर ठेवावं. पण वास म्हणजे औषध नव्हे, आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नये. कुणी रंग, धूर, राख पुरावा म्हणून दाखवली तर रिकाम्या खोलीचा प्रश्न विचारावा. सांगणारा शिकलेला असेल तर तो प्रश्न आधी विचारावा. त्या दिवशी रिक्त करून आणलेल्या पिशव्यांच्या टोपलीजवळून जाताना काही लोकांनी तरीही निळी पिशवी उचलली. त्यांत जितेशही होता.

घरी डेल्फिनबाईंनी पट्टीकडे पाहिलंही नाही.

"आता कोनाचंच ऐकनार नाय," त्या म्हणाल्या. "तुजा डाक्टर पन शिकलेलाच ना?"

मंगळवारी टिफनीने रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. पट्टा आईच्या दंडाला लावू लागली, तेव्हा आईने हात मागे घेतला.

"आधी तुज्या हाताला लाव."

टिफनीने लावला. आकडा नीट आला. मग डेल्फिनबाईंनी शेजारच्या लविनाला हाक मारली, तिच्या हाताला लावायला सांगितलं. तोही नीट आला. मग त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. आकडा बराच वर गेला. त्यांनी परत मोजायला लावलं. तो तिथेच होता.

त्यांनी पट्टा सोडला आणि यंत्र आपल्याजवळ ठेवून घेतलं.

बुधवारी सकाळी टिफनी शाळेला निघाली तेव्हा पट्टीतली एकही गोळी कमी झालेली नव्हती. यंत्र मात्र डेल्फिनबाईंनी परत दिलं नव्हतं; त्या पुन्हा स्वतःच्या दंडाला पट्टा लावत होत्या.