जाळीचं माप

आमच्या लग्नाला आमचे हे उशिरा आले, कारण त्या दिवशी यांचा व्हॉलीबॉलचा सामना होता. आल्यावर मला म्हणाले, "जिंकलो." जणू मीच त्यांना खेळायला पाठवलं होतं. तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं.

पुढे हे कप्तान झाले. गुडघे कुरकुरायला लागल्यावर प्रशिक्षक झाले आणि ओरडून ओरडून घसा बसायला लागल्यावर क्लबचे सेक्रेटरी झाले. पगार कशाचाच नाही. क्लब म्हणजे बाजारामागची पत्र्याची शेड, दोन खांब आणि एक जाळी. आता तिथे फक्त मुलींचा संघ उरलाय आणि त्याची प्रशिक्षक आमची लेक आहे. घरात व्हॉलीबॉल सोडून दुसरं काही बोलणारी मी एकटी, आणि माझं ऐकतं कोण.

जाळी मात्र अजूनही हेच लावतात. तरुणपणी कुणीतरी मोजलं तेव्हा निघालं, की यांनी अनवाणी उभं राहून हात वर केला की बोटांची टोकं बायकांच्या जाळीच्या ठरलेल्या उंचीला बरोबर लागतात. झालं. तेव्हापासून जाळीला टेप म्हणून लागली नाही. हे बूट काढतात, टाचा जुळवतात, हात वर करतात आणि "हं" म्हणतात. दोन मुली खांबाशी दोरी ओढतात, वरची पट्टी बोटांना टेकली की गाठ. त्या वेळी कुणी शिंकलेलंही यांना खपत नाही. पंचसुद्धा म्हणतात, "साहेबांचा हात लागलाय ना, मग मोजायचं काय त्यात."

गेली काही वर्षं आमच्या मुलींचं मोठं विचित्र चाललं होतं. घरच्या मैदानावर कुणालाही लोळवायच्या आणि बाहेर गेल्या की नांगी टाकायच्या. फटका मारला की चेंडू जाळीत. परतीच्या गाडीत हे सगळ्यांची खरडपट्टी काढायचे, सगळ्यात जास्त शिडीची. शिडी म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी. "तुझा हातच वर जात नाही," असं हे तिला दर वेळी ऐकवायचे आणि ती बिचारी मान खाली घालून ऐकायची. आता शेवटचा सामना बाहेरच होता, आणि तो हरला की संघ खालच्या गटात जाणार होता.

त्याच्या आधीच्या आठवड्यात लेक स्वयंपाकघरात आली आणि तिने दार लावून घेतलं. नव्या खांबांचं माप द्यायचं म्हणून तिने लावलेली जाळी मोजली होती. ती चार बोटं कमी भरली.

"पुन्हा पुन्हा मोजलं गं आई," ती म्हणाली.

मला फारसं नवल वाटलं नाही. घरात यांचं एकच काम असायचं, वरच्या फळीवरचे डबे काढून देणं. एकदा चहाच्या डब्यापाशी यांची बोटं नुसतीच चाचपडताना दिसली. माणूस वयाने आखडतो, त्यात यांचा खांदा धरलेला. त्याचा गवगवा कशाला करायचा? मी दुपारी गुपचूप सगळे डबे एक फळी खाली आणले. पण तिकडे हे जाळीही खाली आणताहेत, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

"तू सांग ना त्यांना. मला नाही बघवणार त्यांचा चेहरा."

"आणि मला बघवेल?"

"तू रोजच बघतेस."

संध्याकाळी मी शेडमध्ये गेले. हे टाचा जुळवून, हात वर करून उभे होते. मी चपलांसकट मैदानात शिरले.

"अहो, हात खाली घ्या. तुम्ही आखूड झालात."

लेकीने टेप लावून दाखवली. टेपनेच लाच खाल्ली असावी तसं यांनी तिच्याकडे पाहिलं. "कापडी टेप आहे. धुतली असेल कुणीतरी, आटली." मग शेजारच्या सुताराची पोलादी टेप आणली. तिनेही तेच सांगितलं.

"जमीन वर आली असेल," हे म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

मग बाकावर बसून हे बूट घालायला लागले. आता हे उठून जाणार आणि पुन्हा इथे पाऊल टाकणार नाहीत, असं वाटलं. मग घरात आम्ही दोघं बोलणार तरी काय? पण एक बूट पायात आणि एक हातात, असे हे शिडीसमोर जाऊन उभे राहिले.

"हात वर जात नाही म्हणायचो ना तुला? तो माझा जात नव्हता. तू बरोबर खेळत होतीस."

"असू दे काका," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

"रडतेस काय? जाळी वर घ्या," हे खेकसले.

पुढचे काही दिवस चेंडू जाळीतच जात होते. मग एकेक करून वरून जायला लागले.

सामन्याला मीही गेले, यांच्यावर लक्ष ठेवायला. परक्या मैदानावर पोचल्या पोचल्या यांनी बूट काढले. लेकीने डोळे मिटून घेतले. हे जाळीखाली गेले, टाचा जुळवल्या, हात वर केला. बोटं आणि पट्टी यांच्यात चांगली फट राहिली.

"शिडी, इकडे ये. बोटं घाल."

शिडीने यांच्या बोटांवर आपली चार बोटं आडवी ठेवली. ती पट्टीला नेमकी टेकली.

"जाळी बरोबर आहे," यांनी पंचांना सांगून टाकलं.

"कशावरून?"

"माझ्यापेक्षा चार बोटं वर आहे."

आम्ही रडतखडत का होईना, जिंकलो. शेवटचा गुण शिडीचा.

घरी आल्यावर मी चहा टाकायला गेले. हे माझ्यामागे येऊन फळ्यांकडे बघत राहिले.

"डबे खाली कधी आले?"

"तुम्ही आखूड झालात तेव्हा."

"आणि मला बोलली नाहीस."

"घरी कुठे आपण सामने हरत होतो?"

मग यांनी चपला काढल्या, टाचा जुळवल्या, हात वर केला आणि खालच्या फळीवरचा चहाचा डबा काढून मला दिला.