खालची जमीन

"काका, तुमची जमीन खालची आहे. खालच्या जमिनीने वरच्या जमिनीचं पाणी घ्यायचं, असा कायदाच आहे."

नगरपालिकेतल्या प्रमोतसाहेबांनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं, की आपल्याला काहीतरी मंजूर झालंय असं थवीलला क्षणभर वाटलं.

"नैसर्गिकपणे येणारं पाणी, असं आहे कायद्यात," तो म्हणाला. चौतीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेला माणूस. छापील कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड होती. "दोन वर्षांपूर्वी त्या वरच्या जागेत भाताचं शेत होतं, साहेब. माझ्या अंगणातलं पाणी तिकडे उतरायचं. मग वसाहतवाल्यांनी दीड मीटर भराव टाकला, भिंत बांधली आणि भिंतीला अकरा नळ्या बसवल्या. अकराही माझ्याकडे तोंड करून. यात निसर्ग कुठे आला?"

"पाऊस तर नैसर्गिकच पडतो ना, काका."

पाऊस नैसर्गिक असतो हे थवीलला मान्य होतं.

"तुमची जमीन आधी वर होती, असा पुरावा आणा. मग बघू. आणि पुढचा अर्ज असाच हातात द्या. पोस्ट समोरच आहे, तिथून रजिस्टरने कशाला पाठवलात? तीन दिवस लागले रस्ता ओलांडायला."

"हातात दिलेला कागद हरवतो," थवील म्हणाला.

प्रमोतसाहेबांनी टेबलावरच्या ढिगाकडे पाहिलं आणि चहा मागवला.

घरी लमाय पाय वर घेऊन पलंगावर बसली होती. फ्रीज बिअरच्या रिकाम्या क्रेटांवर चढवलेला, गॅस विटांवर. नात झाल्यापासून ती नवऱ्याला आजोबाच म्हणायची.

"आजोबा, वसाहतीचा माणूस येऊन गेला. फुवनात नावाचा. फळांची करंडी ठेवून गेलाय. आणि हे."

हे म्हणजे वसाहतीचं रंगीत माहितीपत्रक. वसाहतीचं नाव नीलसरोवर. सरोवर नावात होतं, वसाहतीत नव्हतं. ते माहितीपत्रकात होतं. थवीलने चष्मा लावून नकाशा पाहिला. कालवा, रस्ता, देवळाची वाट, सगळं जागच्या जागी. फक्त जिथे त्याचं घर होतं तिथे निळा तलाव होता. त्यात दोन बदकं होती. काठावर एक बाक.

"मी म्हटलं त्याला, अरे बाळा, इथे आम्ही राहतो," लमाय म्हणाली. "तर म्हणे, आजी, हे कलाकाराच्या कल्पनेतलं आहे. म्हटलं, मग तुझ्या कलाकाराला आम्ही बुडालेले दिसलो, आणि नगरपालिकेला दिसत नाही?"

"जागा विकत मागतोय?"

"चांगला भाव देतोय." लमायने पदपथाकडे, म्हणजे पूर्वी जिथे पदपथ होता तिकडे पाहिलं. "आजोबा, माझ्या दोन्ही पायांना चिखल्या झाल्यात. नगरपालिका हो म्हणाली तर राहू. नाही म्हणाली तर विकू आणि लेकीकडे रायोंगला जाऊ. चौथा मजला आहे तिचा. तिथे कोण नळ्या लावतंय बघते मी."

थवीलने मान हलवली. ठरलं.

पुरावा मिळाला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. चौदा वर्षांपूर्वीच्या महापुरात टपाल खात्यानेच काढलेली सूचना, गोल शिक्क्यासह: पाणी ओसरेपर्यंत वॉर्ड तीन, चार आणि पाचचं टपाल टपालवाहक थवील यांच्या अंगणात मिळेल. अख्ख्या पंचक्रोशीत तेवढंच अंगण कोरडं होतं. एकोणीस दिवस तिथे बेचाळीस मोटारसायकली, सहा फ्रीज, एक लाऊडस्पीकर आणि तीन वॉर्डांतली माणसं राहिली होती. थवील सकाळी होडीने टपाल आणायचा आणि दारात उभा राहून नावं पुकारायचा. एकही पत्र भिजलं नव्हतं. आयुष्यात त्याने बढाई मारली असेल तर एवढीच, आणि तीही बायकोपुढे.

प्रमोतसाहेबांनी सूचना दोनदा वाचली. "कागद अस्सल आहे. पण यात उंची कुठे लिहिलीय? तेव्हाचे दोन साक्षीदार आणा. सही करून देतील की तुमची जागा सगळ्यांत वर होती."

"दोन? दोनशे आणतो," थवील म्हणाला.

तो आधी शेजारच्या छवीकडे गेला. छवी कालवणं करून विकायची. तिने गेल्याच वर्षी स्वतःच्या जागेत भराव घातला होता, आणि तिच्या भिंतीतूनही एक नळी थवीलकडे बघत होती. एकूण बारा.

"मी कुठे होते तुमच्या अंगणात, दादा?" छवी पातेलं ढवळत म्हणाली. "मला नाही आठवत."

"एकोणीस दिवस होतीस. डुकरिणीसकट. माझ्या आंब्याखाली व्याली ती. सात पिल्लं."

"आठ," छवी म्हणाली आणि तिने जीभ चावली.

तिने पातेल्याखालची आंच कमी केली.

"दादा, खरं सांगू? तुमची जागा वर होती अशी सही केली, की माझी खाली होती हे आपोआप आलंच. मग साहेब विचारणार, बाई, आता ही वर कशी आली? मग माझा भराव मोजणार. मग माझी नळी बघणार. गरिबाची एकच नळी आहे हो."

"तिथे अकरा आहेत. तुझी कोण बघतंय?"

"अकरा नळ्यांवाल्याला साहेब म्हणतात आणि एका नळीवालीला दंड करतात. तुम्ही एवढी वर्षं टपाल वाटलंत, एवढं कळेना तुम्हाला?" तिने प्लास्टिकच्या पिशवीत आंबट कालवण भरलं आणि रबराने तोंड बांधलं. "हे न्या. लमायवहिनीला आवडतं."

थवीलने पिशवी घेतली. नको म्हणणं वाईट दिसलं असतं.

पुढे आठवडाभर तो दारोदार फिरला. रस्ते ओळखीचेच होते, फक्त या वेळी द्यायचं काही नव्हतं, मागायचं होतं. प्रत्येकाने गेल्या काही वर्षांत भराव घातला होता. एक म्हातारा म्हणाला, माझी स्मरणशक्तीच गेली. आणि मग महापुरात कुठल्या दिवशी कुठल्या होडीतून शेवया आल्या, त्या किती खारट होत्या, हे त्याने अर्धा तास सांगितलं. सही कोणीच केली नाही. प्रत्येकाने काही ना काही खायला मात्र दिलं. लमायला आठवडाभर चूल पेटवावी लागली नाही.

शेवटी थवीलने बिनसाक्षीचाच अर्ज केला. रजिस्टरने.

उत्तर एकेचाळीस दिवसांनी आलं, भर पावसात. आताच्या टपालवालीने, रत्रीने, रस्त्यावर स्कूटर थांबवून हॉर्न दिला. तिला हे काम थवीलनेच शिकवलं होतं. अंगणात गुडघाभर पाणी होतं, आणि छवीची दोन बदकं त्यात पोहत होती. माहितीपत्रकाप्रमाणे.

"काका, रजिस्टर आहे! थांबा, मी येते आत!"

"थैली घेऊन पाण्यात उतरायचं नाही!" थवील पायरीवरून ओरडला. "काय शिकवलं होतं तुला?"

लुंगी खोचून तो पाण्यातून रस्त्यापर्यंत गेला. छत्रीखाली उभं राहून त्याने सही केली, खाली तारीख घातली, वेळही घातली. मग लखोटा हातात घेतला आणि दोन बोटांत दाबून पाहिला. होकार जाड असतो. त्यात नकाशे असतात, अटी असतात, चार खात्यांच्या प्रती असतात. नकार एका पानात मावतो. बोटांना एकच पान लागलं.

"उघडत नाही, काका?" रत्रीने विचारलं.

"पावसात कोण पत्र उघडतं?" थवील म्हणाला. "जा तू. थैलीचं झाकण नीट लाव."

तो परत निघाला, उजव्या हाताने लखोटा डोक्याच्या वर धरून. बदकांनी त्याला वाट दिली. अर्ध्या अंगणात त्याने सवयीने नळ्या मोजल्या. वसाहतीच्या अकरा धो धो वाहत होत्या. बारावी गप्प होती. तिच्या तोंडात तांदळाच्या पोत्याचा बोळा कोंबला होता, आणि तो निघू नये म्हणून वर एक निळी रबरी चप्पल ठोकून बसवली होती. भिंतीपलीकडे छवीच्या अंगणात पातेली पाण्यावर एकमेकांवर आपटत होती, आणि ती कोणाला तरी, बहुधा पावसाला, मोठमोठ्याने शिव्या देत होती.

थवीलने भिंतीवरून डोकावून पाहिलं नाही. तो पुढे चालत राहिला.

पायरीवर लमाय टॉवेल घेऊन उभी होती. "काय म्हणतात?"

"अजून वाचलं नाही."

लमायने लखोट्याकडे पाहिलं, त्याच्या जाडीकडे. टपालवाल्याचीच बायको ती. तिने टॉवेल पुढे केला. थवीलने लखोटा तसाच वर धरून आधी डावा हात पुसला, एकेक बोट करून, मग लखोटा डाव्या हातात घेऊन उजवा पुसला, आणि मग तो तिला दिला.

"कोरडा आहे," तो म्हणाला.